माउंट केलं म्हणजे वाचलं असं नाही!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे दहावीच्या पेपरनंतर मराठीत एवढं लांबलचक आज पहिल्यांदाच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! "टेक्निकल लेख आहे, मग इंग्रजी विभागात का नाही देत?" असं मैत्रिणींनी विचारलं. कारण साधं आहे. ह्या लेखात माझ्या हातून झालेली एक चूक आहे, ती चूक माझ्या आजीला भोवली, आणि आजीला इंग्रजी येत नाही. तिला हा लेख वाचून दाखवायचा आहे.

विषय असा: खिशातल्या छोट्या कॉम्प्युटरमधल्या, म्हणजे आजच्या भाषेत मोबाइलमधल्या फाइल्स डेस्कटॉपवर नेटवर्कमधून 'माउंट' करणे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ह्यावर एखादी टीप येते आणि आपण ती पाठ करून लिहितो. मीही लिहिली होती. मार्कही मिळाले. पण अर्थ कळला तो घरी.

आमच्या घराबद्दल थोडंसं

मी दासगावची. मुंबई-गोवा हायवेने महाडकडे जाताना महाडच्या थोडं अलीकडे, सावित्रीच्या काठी आमचं गाव लागतं. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या आणि खूप माणसं गेली. त्या वर्षी मी पाळण्यात होते. आमची माणसं वाचली, पण घरात चिखल शिरला आणि लोखंडी ट्रंक गेली. त्या ट्रंकेत घरातले सगळे फोटो होते. आजोबा त्याच्या आधीच वारले होते. म्हणजे आजोबा गेले आणि नंतर त्यांचे फोटोही गेले.

मग बाबांनी एक काम हातात घेतलं. मुंबईला कुणाकडे लग्नाला, बारशाला गेले की तिथले जुने अल्बम मागायचे आणि ज्या फोटोत आजोबा दिसतील त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. असे करत करत ६३ फोटो जमले. आजीला मोबाइलच्या स्क्रीनवर नीट दिसत नाही. म्हणून गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत मी ठरवलं की हे सगळं घरच्या डेस्कटॉपवर मोठं करून दाखवायचं. आणि कॉपी-पेस्ट तर काय कुणीही करतं, आपण इंजिनियर आहोत, आपण माउंट करू!

माउंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे वेगवेगळे कप्पे असतात. युनिक्स आणि लिनक्समध्ये तसं नाही. तिथे सगळ्या फोल्डर्सचं एकच झाड असतं. नवीन डिस्क, पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर जोडायचं तर ह्या झाडाच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडायचं. ह्या जोडण्यालाच माउंट करणं म्हणतात आणि त्या फोल्डरला माउंट पॉइंट. जोडल्यानंतर तिथल्या फाइल्स आपल्याच मशीनवर असल्यासारख्या दिसतात. कुठलाही प्रोग्रॅम त्या उघडू शकतो. त्याला फरक कळत नाही, कारण कर्नेलमध्ये व्हीएफएस नावाचा एक थर असतो. प्रोग्रॅमने "ही फाइल दे" म्हटलं की आतली फाइल डिस्कवरून आणायची का वायरच्या पलीकडून, ते हा थर बघतो.

हे मला आमच्या गावावरून चांगलं समजलं. एके काळी सावित्रीच्या खाडीतून गलबतं दासगावपर्यंत येत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले, तेही जलमार्गाने दासगावलाच उतरले होते. आता समजा धक्क्याला एक गलबत लागलंय. धक्क्यावरून त्यातली पोती दिसतात, मोजता येतात, हात लावता येतो. पण माल अजून गलबतातच आहे. वखारीत आलेला नाही. दोर सुटला की माल गेला!

माउंट पॉइंट म्हणजे धक्का. वखार नव्हे. हे वाक्य मी आज लिहिते आहे. तेव्हा मला सुचलं नव्हतं.

सर्व्हर कोण आणि क्लायंट कोण?

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा घोळ होतो. आपल्याला वाटतं डेस्कटॉप मोठा, म्हणून तो सर्व्हर. चूक! ज्याच्याकडे फाइल आहे आणि जो ती दुसऱ्याला देतो तो सर्व्हर. बाबांचा मोबाइल हा सर्व्हर आणि टेबलावरचा डेस्कटॉप हा क्लायंट. आकाराशी काही संबंध नाही. एकदा हे डोक्यात बसलं की कुठली कमांड कुठल्या मशीनवर द्यायची हा प्रश्न सुटतो.

ह्या प्रकारातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत म्हणजे एनएफएस, नेटवर्क फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती १९८४ मध्ये बनवली. तिचं व्हर्जन २ १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झालं आणि व्हर्जन ३ १९९५ मध्ये आरएफसी १८१३ म्हणून. तिच्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली गोष्ट, सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये सर्व्हर 'स्टेटलेस' आहे. कोणी कुठली फाइल उघडली आहे हे तो लक्षातच ठेवत नाही. क्लायंट प्रत्येक वेळी पूर्ण वाक्यात मागतो: अमुक फाइल, इतक्याव्या बाइटपासून, इतके बाइट दे. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून परत सुरू झाला तरी काही बिघडत नाही. क्लायंट तीच मागणी पुन्हा करतो. (व्हर्जन ४ मध्ये मात्र सर्व्हर लॉक वगैरे लक्षात ठेवू लागला.)

दुसरी गोष्ट, एक्सडीआर. वेगवेगळे प्रोसेसर आकडे वेगवेगळ्या क्रमाने साठवतात. एनएफएसमध्ये वायरवर जाताना सगळे आकडे एकाच ठरलेल्या क्रमात जातात. म्हणून छोट्या मशीनमधला एआरएम प्रोसेसर आणि डेस्कटॉपमधला इंटेल एकमेकांशी बोलू शकतात. जणू दोघंही घरी काहीही बोलोत, बाजारात एकच भाषा.

आपल्या आधीच्या पिढीतल्या मुलांनी हा प्रयोग पीडीएवर केला. शार्पचा झॉरस लिनक्सवरच चालायचा. कॉम्पॅकच्या आयपॅकवर लोक स्वतः लिनक्स चढवत. आणि आपला भारतीय सिम्प्युटर! बंगलोरला तयार झालेला हा लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर २००४ मध्ये अमिडा ह्या नावाने विक्रीला आला. अशा मशीन्सना यूएसबी केबल लावली की ती केबलच नेटवर्क कार्डासारखी वापरता येत असे. हँडहेल्डवर 'एक्सपोर्ट्स' फाइलमध्ये एक ओळ लिहायची: कुठलं फोल्डर, कुठल्या पत्त्याच्या मशीनला, वाचायलाच की लिहायलाही. मग सर्व्हर सुरू करायचा आणि डेस्कटॉपवर माउंट कमांड द्यायची. बस्स. मेमरी इतकी कमी असे की डेस्कटॉपचं फोल्डर हँडहेल्डवर माउंट करून उलटीही सोय करत.

अँड्रॉइडवर काय करायचं?

अँड्रॉइडच्या आत लिनक्स कर्नेल आहे हे खरं, पण नेहमीच्या फोनमध्ये एनएफएस सर्व्हर चालवता येत नाही. त्याला रूट परवानगी लागते आणि बहुतेक फोनच्या कर्नेलमध्ये तो भाग घातलेलाच नसतो.

केबल लावली तर एमटीपी मिळतं. जुने अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर पेनड्राइव्हसारखे दिसायचे. पण तेव्हा अख्खं कार्ड डेस्कटॉपच्या ताब्यात जाई आणि फोनला ते वापरता येत नसे, कारण एकच डिस्क दोन मालकांनी एकदम लिहायला घेतली तर तिचा चुराडा होतो. म्हणून अँड्रॉइड एमटीपीकडे वळलं. त्यात अख्खी फाइल मागायची आणि अख्खी परत द्यायची. चालतं, पण हे खरं माउंट नव्हे.

मग उरतं एसएसएचएफएस. फोनवर एसएसएच सर्व्हर चालवायचा आणि डेस्कटॉपवर 'फ्यूज'च्या मदतीने तो फोल्डरसारखा जोडायचा. फ्यूज म्हणजे कर्नेलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅममध्ये फाइल सिस्टिम लिहायची सोय. लिनक्स कर्नेलमध्ये ती २००५ मध्ये २.६.१४ व्हर्जनपासून आली. मी घरी हेच केलं. पाठ न करता कळावं म्हणून पायऱ्या शब्दांत देते.

१) फोनवर टर्मक्स हे ॲप घ्या. त्यात ओपनएसएसएच पॅकेज टाका. स्टोरेज सेटअपची कमांड देऊन फोटोंच्या फोल्डरची परवानगी द्या. पासवर्ड ठेवा. मग एसएसएचडी सुरू करा.

२) तो पोर्ट ८०२२ वर ऐकतो. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२, पण १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूट लागतं, म्हणून ८०२२.

३) फोन आणि डेस्कटॉप एकाच नेटवर्कवर आणा. फोनचा हॉटस्पॉट चालेल. आमच्याकडे पावसात लाइट गेली की राउटर बंद आणि रेंजही गायब. तरी हे चालतं, कारण नेटवर्क म्हणजे इंटरनेट नव्हे! दोन मशीन एकमेकांना दिसली की पुरे.

४) डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर बनवा. फोल्डर रिकामंच हवं, कारण माउंट केल्यावर त्यात आधी असलेलं सगळं झाकलं जातं.

५) एसएसएचएफएस कमांडचे चार भाग: पोर्ट नंबर, फोनचा पत्ता आणि त्यावरचा फोल्डर, तुमचं रिकामं फोल्डर, आणि शेवटी 'आरओ' हा पर्याय. आरओ म्हणजे फक्त वाचायचं. तो विसरू नका, कारण माउंट केलेल्या फोल्डरमधली फाइल डिलीट केली तर ती फोनमधूनच जाते.

६) काम झालं की फ्यूजरमाउंटने सोडवा.

विंडोजवाल्यांनाही विनएफएसपी आणि एसएसएचएफएस-विन वापरून हे करता येतं. आणि एक सूचना: होस्टेलच्या वायफायवर एनएफएस सगळ्यांना उघडं ठेवू नका. साध्या एनएफएसमध्ये क्लायंट जो यूजर नंबर सांगेल त्यावर सर्व्हर विश्वास ठेवतो. एसएसएचमध्ये पासवर्ड किंवा की लागते आणि वाटेतला डेटा एन्क्रिप्ट होतो.

आजीचा प्रश्न

तर मी हे सगळं केलं. फोल्डरला नाव दिलं 'आजोबा'. फाइल मॅनेजरमध्ये छोटी चित्रं नेहमी दाखवा असं सेटिंग केलं. एकेक फोटो स्क्रीनवर मोठा होऊ लागला. आजी खुर्ची पुढे ओढून बसली. एका फोटोत आजोबा बैलगाडीला टेकून उभे आहेत, तो तिने चार वेळा बघितला. मग मला म्हणाली, "म्हणजे हे आता ह्या पेटीत राहिले ना गो? पुन्हा पाण्यात नाही ना जायचे?"

मी म्हटलं, "हो आजी, एकदम सेफ."

मला खरंच तसं वाटलं होतं. डेस्कटॉपवर फोल्डर आहे, त्यात ६३ फाइल्स दिसतात, प्रत्येकीचा साइज दिसतो, उघडतात. अजून काय हवं? सुट्टी संपली, मी होस्टेलला आले.

पावसाच्या तोंडावर बाबा पंपाचा फूटव्हॉल्व्ह बघायला विहिरीवर वाकले आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल विहिरीत पडला. काढला, पण सुरू झाला नाही. दुकानदार म्हणाले, बोर्ड गेला. आतली चिप काढून वाचावी म्हटलं तर हल्लीच्या फोनमध्ये स्टोरेज एन्क्रिप्टेड असतं, फोनच्या प्रोसेसरशिवाय ते उघडत नाही. ऑनलाइन बॅकअप? डेटा संपतो म्हणून बंद ठेवलेला. आईने फोन केला तेव्हा मी निर्धास्तपणे सांगितलं, "काळजी करू नका, फोटो पीसीवर आहेत."

शनिवारी घरी गेले. 'आजोबा' फोल्डर उघडलं. रिकामं.

रिकामंच असणार! ते रिकामं फोल्डर मीच बनवलं होतं. त्यात एकही बाइट कधी आलाच नव्हता. मी आजीला धक्का दाखवून वखार म्हटलं होतं.

थोडंसं हाती लागलं

त्या दिवशी मी आजीला काही बोलले नाही. रात्री वाचत बसले तेव्हा एक गोष्ट सापडली. लिनक्सचा फाइल मॅनेजर जी छोटी चित्रं दाखवतो ती तो स्वतःच्या सोयीसाठी होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॅश फोल्डरमध्ये साठवून ठेवतो. मूळ फाइल कुठेही असो, ही चित्रं मात्र खरोखर आपल्या डिस्कवर असतात. फाइलच्या पत्त्याचा एमडी५ काढून तेच नाव दिलेलं असतं, म्हणून नावावरून काही कळत नाही, पण मूळ पत्ता चित्राच्या आत लिहिलेला असतो. त्यावरून शोधलं. ६३ पैकी ४१ मिळाली. साइज जास्तीत जास्त २५६ पिक्सेल. आजोबांचा चेहरा नखाएवढा.

म्हणजे मी मुद्दाम काहीच कॉपी केलं नव्हतं. कॉम्प्युटरने त्याच्या आळसापायी जी कॉपी केली तेवढीच वाचली.

गणपतीला मुंबईची मंडळी गावी आली तेव्हा सगळ्यांना अल्बम आणायला सांगितलं होतं. आम्ही पडवीत चादर अंथरून पुन्हा फोटो काढले. ५७ परत मिळाले. सहा मिळाले नाहीत, कारण ज्या नातेवाइकांकडे ते होते त्यांची चाळ पाडली आणि सामान हलवताना अल्बम गेला. त्या सहांपैकी दोन माझ्या ४१ मध्ये आहेत. बैलगाडीचा फोटो त्यातला एक.

आजीला मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग तेव्हा हो का म्हणालीस?" ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मी काय शिकले

ही चूक करणारी मी पहिली नव्हे. 'मशीन दूर गेलं तर काय?' हा प्रश्न नेटवर्क फाइल सिस्टिमवाल्यांना खूप आधी पडला. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले एम. सत्यनारायणन ह्यांनी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ मध्ये कोडा नावाच्या फाइल सिस्टिमचं काम सुरू केलं. कोडामध्ये लागणाऱ्या फाइल्स आधीच आपल्या डिस्कवर साठवून ठेवायच्या, तार तुटली तरी काम चालू ठेवायचं आणि पुन्हा जोडणी झाली की दोन्हीकडचं जुळवून घ्यायचं. पावसाळ्याआधी आमच्याकडे लाकडं, तांदूळ, मिरची-मसाला भरून ठेवतात. कोडाही तेच सांगतं!

साध्या एनएफएस आणि एसएसएचएफएसमध्ये मात्र ही बेगमी आपण करायची असते. माझे नियम असे:

१) माउंट झाल्यावर लगेच कॉपी करा, आणि ती दुसऱ्या फोल्डरमध्ये. त्यासाठी आरसिंक उत्तम. तो बदललेल्या फाइल्सच हलवतो आणि मध्येच तार तुटली तर पुन्हा चालवला की राहिलेल्या फाइल्स घेतो.

२) आरसिंकला 'डिलीट' पर्याय देऊ नका. माउंट सुटलेलं असेल तर माउंट पॉइंट रिकामा दिसतो. आरसिंकला वाटतं मूळ फाइल्स काढून टाकल्या, आणि तो तुमची चांगली कॉपीही पुसून मोकळा होतो.

३) सर्व्हर गेल्यावर काय होईल ते आधी माहीत असू द्या. एनएफएसचं 'हार्ड' माउंट असेल तर प्रोग्रॅम सर्व्हरची वाट बघत अडकून बसतो. 'सॉफ्ट' असेल तर एरर देऊन सुटतो, पण लिहिताना तसं झालं तर फाइल अर्धवट राहू शकते. एसएसएचएफएसला 'रिकनेक्ट' पर्याय द्या.

४) सगळ्यात महत्त्वाचा नियम. माउंट सोडवा. फोन चक्क बंद करा. आणि मग डेस्कटॉपवरची फाइल उघडून बघा. उघडली तरच ती तुमच्याकडे आहे.

५) एक कॉपी गावाबाहेर ठेवा. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा फोन आणि पीसी एकाच घरात असून काय उपयोग, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमची एक हार्ड डिस्क आता डोंबिवलीला आत्याकडे असते.

व्हायवाला सर विचारतील, "व्हॉट इज माउंटिंग?" तेव्हा व्याख्या सांगाच. पण घरी कुणी "हे इथे राहिलं ना?" असं विचारलं, तर हो म्हणायच्या आधी फोन बंद करून बघा. दोन मिनिटं लागतात.

आता मेमध्ये घरी गेले की मी आधी फोन बंद करते, मग फोल्डर उघडते, मग आजीला बोलावते. ५९ फोटो आहेत. ती अजून बैलगाडीवाल्यापाशीच थांबते. तो अगदी बारीक आहे, मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. तिला चालतं.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)